पेढीवरील संगणकाची निगा

आपल्या पेढ्यांवरून कीर्द-खतावणीच्या लाल वह्या हळूहळू नाहीशा झाल्या. दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर एखादी कोरी वही अजूनही मांडली जाते. परंतु वर्षभराचा खरा जमाखर्च संगणकात असतो. कागदाची वही भिजते, तिला वाळवी लागते, हे आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होते व त्यावरचे उपायही त्यांस ठाऊक होते. संगणकातील वही कशाने नष्ट होते हे मात्र पुष्कळ पेढ्यांवर मालकांस ठाऊक नसते. ते दुरुस्तीवाल्यास ठाऊक असते, आणि तो नुकसान झाल्यावर येतो.

संगणकात दोन निरनिराळ्या वस्तू नांदत असतात. एक, यंत्र चालविणारी मूळ प्रणाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. दुसरी, आपण स्वतः लिहिलेले हिशेब, बिले, पत्रे. पहिली बिघडली तर पुन्हा बसविता येते. दुसरी गेली तर कोणत्याही दुकानी विकत मिळत नाही. प्रणाली नव्याने बसविताना बहुधा सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली सामान्यतः त्याच ड्राइव्हवर असतात. ‘आम्ही नक्कल डी ड्राइव्हवर ठेवतो’ असे कित्येक जण समाधानाने सांगतात. प्रणाली बिघडली तर हा उपाय खरोखरच उपयोगी पडतो. तथापि पुष्कळ यंत्रांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे पाडलेले दोन भाग असतात. डिस्क गेली म्हणजे दोन्ही एकदम जातात. एकाच तिजोरीच्या दोन खणांत दागिने वाटून ठेविले म्हणून चोराचे काम वाढत नाही.

इंटरनेटवरील साठ्याविषयीही असाच समज आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह जोडलेले असेल तर येथे पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते. काही दिवस ती तेथील कचरापेटीत राहते एवढेच.

यास्तव दोन बाहेरच्या डिस्का घ्याव्यात. रोज दुकान बंद करताना हिशेबाची नक्कल एकीवर उतरवावी व लगेच ती यंत्रापासून सोडवावी. दुसरी घरी असावी. आपल्या पुष्कळ घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळली जातेच, त्याच दिवशी दोहोंची अदलाबदल केली तर निराळी आठवण ठेवावी लागत नाही. डिस्क सोडवून ठेवावी असे म्हणण्यास कारण आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. असे प्रोग्रॅम यंत्राला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडीत नाहीत. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिलेली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती त्यांची यंत्रे सापडली. ‘अपडेट’ची सूचना आली की ‘नंतर’ हे बटण दाबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिवाय हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम ३६ प्रमाणे, वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. इतकी वर्षे एकच यंत्र टिकेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून, मागील मार्चची एखादी खतावणी दिसते की नाही, हे पाहावे. न उघडणाऱ्या नकला सांभाळणारी दुकाने काही थोडी नाहीत.

आता किल्ल्यांविषयी. दिवाणजी कितीही विश्वासाचे असले तरी तिजोरीची किल्ली गल्ल्यावर पडलेली नसते. संगणकावर मात्र मालक, दिवाणजी आणि सुटीत खेळ खेळावयास आलेला नातू असे सर्व जण एकाच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्याने काम करतात. प्रत्येकास निराळे ‘स्टँडर्ड’ खाते द्यावे. मालकानेही रोजचे काम अशाच खात्यातून करावे. चुकून उघडलेल्या ई-मेलमधील प्रोग्रॅमला मग संपूर्ण प्रणालीत फेरफार करण्याची मुभा सहजासहजी मिळत नाही. ज्या खात्याने तो उघडला त्या खात्याच्या फायलींस मात्र तो हात घालू शकतो, तेव्हा नकलेची गरज याने संपत नाही.

विंडोज १० ची मोफत सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. यंत्र त्यानंतरही पूर्ववत चालते, आणि फसगत येथेच होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. जुन्या पुष्कळ यंत्रांत ती नसते. असे यंत्र फेकून देण्याचे कारण नाही. इंटरनेट तोडून, जुने हिशेब पाहण्यापुरते ते ठेवावे. नवीन यंत्र घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: मायक्रोसॉफ्टचे खाते कोणाच्या ई-मेलने उघडले? अनेक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप सांकेतिक रूपात बंद होते व तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात राहते. दुकान लावून देणाऱ्या मुलाने स्वतःचे ई-मेल घातले असेल, तर आपल्या हिशेबाची किल्ली त्याच्या घरी आहे असे समजावे. ती कागदावर उतरवून कागद तिजोरीत ठेवावा.

जाता जाता एक लहानशी गोष्ट. सकाळी यंत्र सुरू केल्यावर घड्याळ वारंवार मागे पडलेले दिसले, संकेतस्थळे उघडेनाशी झाली, बिलांवर भलताच दिनांक येऊ लागला, तर बहुधा आतील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो थोडक्या पैशांत मिळतो. नवा बसविल्यावर दिनांक नीट लावावा आणि मधल्या दिवसांची बिले एकदा तपासून घ्यावीत.