रानातील साठा, गोठ्यातील रोग : आफ्रिकेतील नगानाची कथा

रोगट जनावर एक तर दगावते किंवा बरे होते. दोन्ही प्रकारे रोगजंतूचा त्याच्या शरीरातील मुक्काम संपतो. मग साथ नसते त्या काळात रोग राहतो कोठे, हा पशुवैद्यकशास्त्रातील जुना प्रश्न आहे. कित्येक परजीवी रोगांपुरते त्याचे उत्तर रानातील सस्तन प्राण्यांत सापडते. या प्राण्यांच्या रक्तात परजीवी असतात, परंतु ते स्वतः क्वचितच आजारी दिसतात. त्यांना रोगाचा साठा बाळगणारे आश्रयदाते म्हणतात. मात्र ‘साठा रानात आहे’ एवढे कळले म्हणजे सर्व कळले असे नव्हे. अर्ध्याच माहितीवर उपाय योजला तर काय घडते, हे आफ्रिकेतील ‘नगाना’ या गुरांच्या रोगाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून या लेखात त्याच रोगाचा विचार केला आहे.

नगाना हा शब्द झुलू भाषेतील असून खिन्न, खचलेले असणे असा त्याचा भाव आहे. रोगी गुराकडे पाहिले की हे नाव किती यथार्थ आहे ते पटते. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रक्त कमी होते, अंगावरचे मांस झडते, गाभण गाई गाभडतात, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत जनावर उभे राहण्याच्याही स्थितीत उरत नाही. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सुमारे १ कोटी चौरस किलोमीटर प्रदेशात हा धोका पसरलेला आहे. यांतील पुष्कळ भागांत बैल टिकत नसल्यामुळे नांगराची शेती रुजूच शकली नाही.

१८९४ मध्ये डेव्हिड ब्रूस हे ब्रिटिश लष्करी वैद्य झुलूलँडमधील उबोम्बो येथे या रोगाच्या तपासासाठी आले. सोबत त्यांच्या पत्नी मेरी होत्या. सूक्ष्मदर्शकाखालील कामात त्यांचा वाटा मोठा होता, तरी पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव शोधावे लागते. डोंगरावरच्या एका कुडाच्या घरात प्रयोगशाळा थाटली गेली. आजारी गुरांच्या रक्तात ब्रूस यांना वळवळणारा, शेपटीसारखा तंतू असलेला एक सूक्ष्म जीव दिसला. पुढे त्यालाच ‘ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई’ हे नाव मिळाले.

हा जीव गुरांत शिरतो कसा? युरोपीय वसाहतवाल्यांचा संशय त्सेत्से माशीवर होता. रानटी जनावरांनी चारा आणि पाणी दूषित केल्यामुळे रोग होतो, असे अनेक झुलू पशुपालकांचे म्हणणे होते. ब्रूस यांनी दोन्ही मते प्रयोगाने तपासली. काही घोडे त्यांनी डोंगराखालच्या माश्यांच्या पट्ट्यात काही तासांसाठी नेले; तेथे त्यांना घासभर चारा वा थेंबभर पाणी घेऊ दिले नाही. ते घोडे आजारी पडले. उलट त्याच पट्ट्यातून आणलेला चारा आणि पाणी डोंगरावरील घोड्यांना दिले, त्यांना काही झाले नाही. माशीचा दोष सिद्ध झाला. त्यानंतर ब्रूस यांनी रानरेडा, वाइल्डबीस्ट, कुडू, बुशबक अशा धडधाकट दिसणाऱ्या रानटी प्राण्यांचे रक्त कुत्र्यांना टोचून पाहिले, आणि त्यांतील काही कुत्रे नगानाने आजारी पडले. तेव्हा रानटी प्राण्यांकडे बोट दाखवणारे झुलू पशुपालक पूर्णतः चुकले होते, असे म्हणता येत नाही. साठा खरोखरच रानात होता. तो गुरांपर्यंत येण्याची वाट तेवढी वेगळी निघाली.

रानरेडा निरोगी राहतो आणि गाय खंगते, हे कसे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. हा परजीवी आपल्या अंगावर एका प्रथिनाचे आवरण पांघरतो. शरीराची प्रतिकारशक्ती ते आवरण ओळखून हल्ला करते, तोवर काही परजीवींनी दुसरे आवरण घातलेले असते. ताप चढतो व उतरतो तो यामुळेच. हजारो वर्षे या परजीवीसोबत राहिलेल्या आफ्रिकेतील वन्य प्राण्यांनी त्याची संख्या मर्यादेत ठेवण्याची क्षमता कमावली आहे. पश्चिम आफ्रिकेतील एन्दामा या देशी गुरांतही ती बऱ्याच अंशी आढळते. बाहेरून आणलेल्या गुरांत आणि घोड्यांत मात्र ती नसते.

ब्रूस यांच्या शोधापाठोपाठ निसर्गानेच जणू एक भयंकर प्रयोग मांडला. १८९६ च्या सुमारास बुळकांडीची साथ दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. गुरे मेलीच, शिवाय रानरेडे आणि कुडूही मोठ्या संख्येने मेले. आणि लिंपोपो नदीच्या परिसरातील विस्तीर्ण प्रदेशातून त्सेत्से माशी नाहीशी झाली. यावरून काढलेला निष्कर्ष सोपा होता : रान रिकामे केले की माशी उपाशी मरते आणि रोग संपतो.

या निष्कर्षाच्या आधारावर जे झाले ते वाचताना आजही मन सुन्न होते. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९१९ पासून काही दशके सरकारी खर्चाने शिकार चालली आणि पाच लाखांहून अधिक वन्य प्राणी मारले गेले. झुलूलँडमध्ये उम्फोलोझी अभयारण्याच्या परिसरात १९२९-३० मध्ये एक मोहीम झाली. १९४२ ते १९५० या काळात दुसरी झाली; तीत एक लाखाहून अधिक प्राणी मारले गेले. गेंड्यांना तेवढे वगळण्यात आले होते. शेतकऱ्यांच्या बाजूचाही येथे विचार केला पाहिजे. ज्याचे सारे बैल एका हंगामात मेले, त्याला अभयारण्यातील प्राणी हा आपल्या दारात साठवलेला रोगच वाटणार. त्याचा संताप अनाठायी होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. अनाठायी होती ती शासनाची घाई. माशी नेमके कोणाचे रक्त पिते, हा साधा प्रश्न बंदुका चालवण्यापूर्वी कोणी पुरेशा काळजीने विचारला नव्हता.

झुलूलँडमधून त्या प्रमुख जातीची माशी शेवटी हटली, ती विमानांतून फवारलेल्या डीडीटी आणि बीएचसी या कीटकनाशकांमुळे. १९४५ नंतर सुरू झालेल्या या फवारणीने काही वर्षांत काम पूर्ण केले.

माशी कोणाचे रक्त पिते, या प्रश्नाचे उत्तर पद्धतशीरपणे मिळाले ते १९५० च्या दशकात. बर्नार्ड वाइट्झ या संशोधकांनी पकडलेल्या त्सेत्से माश्यांच्या पोटातील रक्त कोणत्या प्राण्याचे आहे, हे रक्तरसाच्या चाचणीने ओळखण्याची पद्धत विकसित केली. आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून हजारो माश्यांचे नमुने तपासले गेले. निष्कर्ष अनपेक्षित होते. माशीच्या काही महत्त्वाच्या जाती मुख्यतः वॉर्टहॉग या रानडुकरावर जगत होत्या. काही बुशबकवर, तर काही झुडपांतल्या रानडुकरावर. कुडू आणि रानरेडा हेही यादीत होते. परंतु कळपांनी दिसणारे झेब्रे, वाइल्डबीस्ट आणि इम्पाला यांचे रक्त माश्यांच्या पोटात जवळजवळ सापडेना. मोहिमांत मारलेल्या प्राण्यांत मात्र नेमक्या अशाच प्राण्यांची संख्या प्रचंड होती. पुढे ऱ्होडेशियातही शिकार मोजक्या जातींपुरती आखण्यात आली. पण तोवर फार उशीर झालेला होता.

वाइट्झ यांच्या शोधाने पुढचे कुतूहल जागे केले. माशी बैलाकडे वळते आणि झेब्र्याला टाळते, तर तिला खुणावते काय आणि दूर ठेवते काय? झिंबाब्वेत ग्लिन व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या वासाचा अभ्यास केला. बैलाच्या उच्छ्वासातील अ‍ॅसिटोन आणि ऑक्टेनॉल या द्रव्यांकडे माशी ओढली जाते आणि निळ्या-काळ्या कापडावर बसते, असे दिसून आले. तेव्हा कीटकनाशकात भिजवलेले कापड चौकटीवर ताणून त्याजवळ वासाची कुपी ठेवायची, एवढीच युक्ती झाली. चौरस किलोमीटरमागे अवघी चार कापडे पुरतात, हे ऐकून आश्चर्य वाटेल. त्याचे कारण माशीच्या प्रजननात आहे. इतर माश्या शेकड्यांनी अंडी घालतात. त्सेत्सेची मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि नऊ-दहा दिवसांनी तिला जन्म देते. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या जातीतील माद्यांपैकी रोज शेकडा तीन-चार मारल्या, तरी तिचा ऱ्हास सुरू होतो. यासाठी एकही हरीण मारावे लागत नाही.

वॉटरबक नावाचे एक मोठे हरीण त्सेत्सेच्याच प्रदेशात राहते, तरी माशी त्याला सहसा चावत नाही. नैरोबी येथील ‘इसिपे’ या कीटकशास्त्र संस्थेतील संशोधकांनी त्याच्या अंगच्या वासातील माशीला परतवणारी द्रव्ये वेगळी केली. तीच द्रव्ये भरलेले पट्टे केनियातील गुरांच्या गळ्यात बांधून पाहिले, तेव्हा त्या गुरांतील रोगाचे प्रमाण पुष्कळ घटले. ज्या रानाकडे केवळ रोगाचा साठा म्हणून पाहिले गेले, त्यातच रोगावरचा एक उपायही होता.

हा विषय आपल्याला परका नाही. रोग निर्माण करणारा पहिला ट्रिपॅनोसोम ब्रूस यांच्याही आधी, १८८० मध्ये, तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यांनी घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधला. तो ‘सर्रा’ या रोगाचा परजीवी होय. राजस्थानात उंटांच्या या दीर्घ आजाराला ‘तिबरसा’ म्हणतात. सर्राचा परजीवी नगानाच्या परजीवीचाच वंशज मानला जातो. आफ्रिकेतून बाहेर पडताना तो त्सेत्सेच्या शरीरात वाढण्याची क्षमता गमावून बसला. आपल्याकडे मोठ्या घोडमाश्या त्याला रक्ताने माखलेल्या सोंडेवरून एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, तेही काही मिनिटांतच. म्हणून पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत हा रोग वाढतो.

येथे साठ्याचे चित्र मात्र उलटे आहे. आपल्याकडील म्हशी आणि गाई पुष्कळदा लक्षणे न दाखवता सर्राचा परजीवी रक्तात बाळगतात, आणि त्यांच्यापासून घोडे व उंट यांना तो घातक ठरतो. वन्य प्राणीही त्याला बळी पडतात. २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात अनेक वाघ याच रोगाने दगावले. माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते, म्हणून माणूस सहसा सुरक्षित असतो. परंतु २००४-०५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात सर्राचा परजीवी सापडला. माणसातील सर्राचे हे जगातील पहिले पूर्णपणे सिद्ध झालेले उदाहरण मानले जाते. त्याच्या रक्तात त्या संरक्षक प्रथिनाचा अभाव होता. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्यानंतर त्याच्या गावातील अठराशेहून अधिक लोकांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी एकाच्याही रक्तात परजीवी आढळला नाही.

ग्रामीण भागात राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी एक सूचना येथे नोंदवतो. बाजारातून नवे जनावर आणले, त्याला अधूनमधून ताप येत असेल, अंग झडत असेल, पायांवर वा पोटाखाली सूज दिसत असेल, तर त्याला इतर जनावरांपासून दूर बांधावे. ताप चढलेला असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्या रक्ताचा नमुना तपासून घ्यावा. ताप उतरल्यावर घेतलेल्या नमुन्यात परजीवी बहुधा दिसत नाही.