पुडी फोडण्याआधी टाकीत हात घाला

भोसरीच्या कारखान्यात अकरा वर्षं लेथवर काढली. मग चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अंगाला, घरच्या जमिनीत पाच हजार पक्ष्यांचं शेड टाकलं. काम कराराचं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, लाइट, पाणी आणि राबणं आपलं. होळी पेटली की ओळखीचे शेडवाले फोन करतात, "भाऊ, उन्हाळ्याची पुडी कुठली द्यायची?" दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढतोय.

१. पुडी म्हणजे पंखा नव्हे

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास. पत्रा तापला की ती पंख सैल सोडते, चोच वासते आणि धापा टाकायला लागते. तोंडातून वाफ जाते, तेवढाच गारवा. पण त्या धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही उडून जातो, रक्ताचा सामू वर चढतो, आणि तो सावरायच्या नादात शरीर पोटॅशियमसारखे क्षार विष्ठेवाटे घालवून बसतं. इलेक्ट्रोलाइटच्या पुडीचं काम इतकंच: गेलेले क्षार भरून काढायचे आणि पक्ष्याला पाणी जास्त प्यायला लावायचं. शेडचा पारा ती अर्ध्या अंशानंही उतरवत नाही.

आमच्या आईची गावरान कोंबडी एप्रिलमध्ये बाभळीखाली माती उकरून बसते, तिला कसली पुडी लागत नाही. ब्रॉयलरचं तसं नाही. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो वजन चढवायचं म्हणजे पोटात भट्टी पेटलेलीच, आणि शेजारी आणखी ४,९९९ भट्ट्या.

२. आधी टाकीत हात घाला

हे शिकायला दुसरी बॅच गेली. एप्रिलचा शेवटचा आठवडा, वार गुरुवार. आमच्या पट्ट्यात देखभालीसाठी लाइट जायची ती गुरुवारी, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. पक्षी ३६ दिवसांचे, दोन किलोच्या आतबाहेर. दुपारी एकच्या सुमाराला पंखे थांबले. मी घाबरून पुडीची मात्रा दुप्पट केली, टाकीत ओतली आणि झाडाखाली जाऊन बसलो.

तीन वाजता शेडात शिरलो तर आवाजच नाही. भरल्या शेडात सतत एक कलकल असते. ती थांबली की पोटात गोळाच येतो. पक्षी माना लांब करून तुसावर पडलेले. पाणी पाजायच्या निपलला बोट लावलं, पाणी आंघोळीला काढावं तसं. शिडी लावून वर चढलो, काळ्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. एवढं गरम पाणी पक्षी पितच नव्हते. माझी दुप्पट पुडी टाकीतच फिरत होती.

संध्याकाळपर्यंत १८७ पक्षी खड्ड्यात गेले. मरतुकीचा आकडा लोक नुसता मोजतात, त्याचं वजन करत नाहीत. दोन किलोचा पक्षी मरेपर्यंत तीन-सव्वातीन किलो खाद्य खाऊन बसलेला असतो. म्हणजे सहा क्विंटल खाद्य मातीत, आणि करारात ते सगळं आपल्या एफसीआरवर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेल्या खाद्याच्या हिशोबावर, चढतं.

आता टाकी लिंबाच्या सावलीत आहे, बाहेरून चुना, भोवती ओलं गोणपाट. पत्र्याखालून जाणारी पाइपलाइन बारा वाजता आणि पुन्हा दोनला सोडून देतो, साचलेलं गरम पाणी निघून जातं. फारच तापलं तर चाकणहून बर्फाच्या लाद्या आणतो. पाण्याचा हिशोबही तेव्हाच शिकलो. या वयाचा पक्षी दिवसाला १७५ ग्रॅमच्या आसपास खातो, पाणी एरवी त्याच्या दुप्पट पितो. पाच हजारांना साधारण पावणेदोन हजार लिटर. कडक उन्हात हेच दुप्पट होतं. माझी टाकी दोन हजाराची होती. नुसतं गणित मांडलं असतं तरी कळलं असतं.

३. फेस आला म्हणजे औषध दमदार, असं नाही

एका वर्षी डोकं लढवून व्हिटॅमिन सी आणि खायचा सोडा एकाच बादलीत कालवला. बादली अशी फसफसली की मी शेजाऱ्याला हाक मारून दाखवली. नंतर डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "दादा, एक आम्ल, एक अल्क. दोघांनी एकमेकांना खाल्लं, कोंबडीला काय उरलं?" सोडा पडलेल्या पाण्यात सी फार वेळ टिकतही नाही. क्लोरीनच्या पाण्यात नाही, गंजक्या टाकीत नाही. म्हणून सकाळी सहा ते दहा सी, तेही क्लोरीन न टाकलेल्या पाण्यात आणि चार तासांत संपेल एवढंच. अकरा ते चार इलेक्ट्रोलाइट. रात्री साधं पाणी.

आणि पंधरा-पंधरा दिवस सलग पुड्या चालवू नका. क्षार जास्त झाले की विष्ठा पातळ होते, तूस ओलं, मग अमोनिया, मग डोळे. तो खर्च वेगळाच.

४. पारा चढायच्या आधी दोन दिवस

धापा सुरू झाल्यावर दिलेली पुडी उशिराची. हवामानाचा अंदाज आता मोबाइलवर येतो. चाळिशी दिसली की मी आदल्या दोन-तीन दिवसांपासूनच सी सुरू करतो.

५. पोत्यावरची चिठ्ठी वाचा

करारात खाद्य आपल्या हातात नसतं, आपल्या हातात फक्त टाकी. पण विचारायला कोणी बंदी केलेली नाही. कोंबडी आपलं व्हिटॅमिन सी स्वतःच मूत्रपिंडात बनवते. उन्हात मात्र ते पुरत नाही, म्हणून खाद्याचे गिरणीवाले टनाला २०० ते २५० ग्रॅम घालतात. ते लेपाचं हवं, साधं असेल तर पेलेटच्या वाफेतच निम्मं जातं. बिटातून पहिल्यांदा काढलेलं बीटेन टनाला साधारण किलोभर. त्यानं पेशी पाणी धरून ठेवते. दिलेल्या पैशाला जागलेलं म्हणाल तर मी बीटेनचं नाव घेईन. धान्यातली थोडी ऊर्जा काढून तिच्या जागी तेल घातलं तर पचताना उष्णता कमी होते. खाद्यात सोडा घालणार असतील तर मीठ कमी करावं लागतं, हे गिरणीवाल्याला आठवण करून दिलेलं बरं.

आणि एक गोष्ट कंपनीच्या सुपरवायझरला हटकून विचाराच: निकार्बाझिन आहे का? रक्ती हगवणीवरचं हे जुनं, चांगलं औषध. पण ते पोटात असताना ऊन लागलं तर मरतुक वाढते, हे जगभर माहीत आहे. पिल्लांना थंडीत द्या, मे महिन्यातल्या मोठ्या पक्ष्याला नको. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "काका, तुम्हाला कशाला एवढं?" पुढच्या गाडीला मात्र पोती बदलून आली.

६. सगळ्यात स्वस्त औषध: फीडर वर ओढा

खाल्लेलं पचताना अंगात उष्णता होते, आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी जास्तीत जास्त असते. नऊला पोट भरलेला पक्षी दुपारी दोनला आतूनही तापतो, बाहेरूनही. म्हणून पहाटे चारला दिवे लावून खाऊ घालायचं, नऊच्या आधीच फीडर वर, संध्याकाळी पाचला खाली. पाणी मात्र अखंड. पहिल्या दिवशी मनाला लागतं, भुकेला जीव दिसतो. आई तर दोन दिवस बोलली नाही. फीडर खाली सोडताना सगळे एकदम सोडा, एकेक सोडलात तर पक्षी एकावर एक चढून गुदमरतात.

७. गूळ, आवळा, कांदा

गुळाचं पाणी पक्षी आवडीनं पितात, पण दोन दिवसांत निपलला बुळबुळीत थर धरतो आणि लाइन तुंबते. द्यायचंच तर उघड्या भांड्यात. आवळ्याची भुकटी वाईट नाही. हिरव्या बाटलीतले "लिव्हर टॉनिक" मी बंद केले, फरक पडला तो माझ्या उधारीत. आमच्या आत्याबाईंनी उन्हात जाताना खिशात ठेवतात तसा चाकणचा कांदा शेडाच्या दारावर टांगायला सांगितला होता. टांगला. दोन दिवसांनी कोणीतरी भेळेसाठी काढून नेला.

८. वळिवानंतर फॉगर बंद

मेमध्ये संध्याकाळी वळीव पडला की हवा दमट होते. धापेतून वाफ जायला कोरडी हवा लागते. अशा वेळी पाण्याचे तुषार उडवणारा फॉगर चालवणं म्हणजे पक्ष्याच्या तोंडावर ओला टॉवेल दाबणं. पंखे पूर्ण, पडदे वर, आणि शेडातून सावकाश एक फेरी. बसलेला पक्षी उठला की पोटाखालची ऊब सुटते.

९. गाडी दोनला

चाळीस दिवस जपलेला पक्षी चाकणच्या तळेगाव चौकात मरू शकतो. एकदा गाडी भरता भरता पहाटेचे साडेपाच झाले. पुणे-नाशिक महामार्गावर पहिल्या पाळीच्या कंपनी बसगाड्या, कंटेनर, दुचाक्या. क्रेटमधले पक्षी दीड तास जागच्या जागी, वारा शून्य. व्यापाऱ्यानं मेलेल्यांचं वजन कापून घेतलं आणि वर ऐकवलं. तेव्हापासून उचल असली की संध्याकाळी इलेक्ट्रोलाइट, रात्री आठला खाद्य बंद, पाणी क्रेटमध्ये घालेपर्यंत. गाडीवाल्याला सांगून ठेवलंय: रात्री दोनला ये, नाहीतर उद्या ये. तो शिव्या घालतो, पण दोनला येतो.