इंटरनेटवरचे दुकान आणि चौकशीची वही

ज्याच्या खिशात मोबाईल नाही असा दुकानदार आता आपल्या बाजारात शोधून सापडणार नाही. घरातल्या एखाद्या पोराने कधीतरी दुकानाचे नाव इंटरनेटवर चढवून दिलेले असते, चार फोटोही टाकलेले असतात. तरीही विचारावे तर उत्तर येते, "फोन येतात, पण धंदा होत नाही." माझेही काही वर्षे हेच रडगाणे होते. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला वाटते की गिऱ्हाईक ओळखण्यात आपण चुकणार नाही. परंतु फोनवरून येणारे गिऱ्हाईक म्हणजे गादीवर येऊन बसणारे गिऱ्हाईक नव्हे, हे कळायला मला एक मोठी ऑर्डर घालवावी लागली.

ही २०२१ सालची गोष्ट. मालेगावातील आमच्या गाळ्याचा जो नंबर इंटरनेटवर होता, तो माझ्या भाच्याच्या खाजगी मोबाईलचा. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने त्यावर सहाशे लुंग्यांची चौकशी केली. भाचा तेव्हा लग्नासाठी सुरतेला गेलेला. चौथ्या दिवशी त्याने निरोप वाचला आणि नगाला ११२ रुपये भाव कळवला. दरम्यान त्याच व्यापाऱ्याने गाळ्याच्या जुन्या फोनवर मला गाठले होते. मी ११८ सांगून बसलो होतो. तो म्हणाला, "शेठ, एका पाटीखाली दोन दुकाने आहेत काय?" माल त्याने दुसरीकडून उचलला. माल खराब नव्हता, भावही बाजाराबाहेरचा नव्हता. चौकशी कोणाकडे आली, काय सांगितले, पुढे काय झाले, हे कोठेही लिहिलेले नव्हते, एवढेच. उधारीची वही आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो, पण जे गिऱ्हाईक अजून उधारीपर्यंतही पोहोचलेले नाही, त्याची वही कोणी ठेवत नाही.

वहीकडे येण्यापूर्वी पाटीबद्दल थोडे. इंटरनेटवरील पहिली पाटी म्हणजे गुगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद, जिला गुगल बिझनेस प्रोफाईल म्हणतात. तिला पैसे पडत नाहीत. कोणी "नोंदणी फी" मागितली तर तो स्वतःची मजुरी मागतो आहे असे समजावे. दुकान खरोखर त्या जागी आहे याची गुगल खात्री करून घेते. हल्ली बहुतेक वेळा त्यासाठी व्हिडिओ मागितला जातो, ज्यात गल्ली, पाटी आणि आत शिरताना कुलूप उघडणारे आपले हात दिसावे लागतात.

येथे आपली मंडळी एक चूक हमखास करतात, ती नावाची. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. आमच्या पाटीवर नाव उर्दूत सुंदर लिहिलेले होते, पण इंग्रजी अक्षरांत ते पाटीवर एक, बिलावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे. शेख, अन्सारी, मोमीन ही नावे रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिली जातात हे सांगायला नको. शोधणाऱ्याला वाटते ही तीन दुकाने आहेत. म्हणून बिलावर, विशेषतः जीएसटीच्या कागदावर जे नाव आहे तेच सगळीकडे चालवावे. मालाच्या नावाचेही तसेच. आपण आपसात ज्याला नुसते "कोरा माल" म्हणतो, ते नाव गावाबाहेरच्या गिऱ्हाईकाला ठाऊक नसते. तो "परकराचे कापड होलसेल" किंवा "सुती लुंगी" असे शोधतो. आलेल्या चौकशांत लोक कोणता शब्द वापरतात तो पाहून तोच शब्द आपल्या नोंदीत लिहावा.

वेळाही खऱ्या लिहाव्यात. मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी असते, बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसते. जुम्याच्या दिवशी दुकान बंद असेल तर नोंदीत तसे दिसले पाहिजे. रमजानमध्ये वेळ बदलते, ईदला दुकान बंद राहते, त्यासाठी "विशेष वेळ" भरण्याची सोय आहे. बंद शटरपुढे उभा राहिलेला परगावचा माणूस दुसऱ्यांदा येत नाही, वर नाराजीचा अभिप्राय लिहून जातो तो वेगळाच.

आणि चावी आपल्या खिशात हवी. एका ओळखीच्या दुकानदाराची वेबसाईट ज्या मुलाने बनवली, त्याने तिचे नाव स्वतःच्याच खात्यावर घेतले होते. दरवर्षी त्या नावाचे नूतनीकरण करावे लागते. मुलगा नोकरीसाठी आखातात गेला, मुदत संपली, वेबसाईट बंद पडली. भाड्याची पावती आपण दुसऱ्याच्या नावावर फाडू देत नाही, मग हे का? वेबसाईटचे नाव, गुगलचे खाते आणि मोबाईलचे सिम ही तिन्ही मालकाच्या नावावर असावीत. काम करणारा कोणीही असो. माझे स्वतःचे मत विचाराल तर लहान व्यापाऱ्याने वेबसाईटची घाई करूच नये. नकाशावरील नोंद आणि व्हॉट्सअप बिझनेस या दोन गोष्टी नीट चालल्या तरी पुष्कळ झाले.

फोटोंबाबत कापडवाल्यांना एक सांगणे आहे. ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोत रंग फिरतो. सकाळच्या उजेडात, उन्हाची तिरीप न येऊ देता फोटो काढावा आणि मोबाईलमधील रंग खुलवणारी सोय बंद ठेवावी. नुसते "उत्तम दर्जा" लिहिण्यापेक्षा पन्हा किती इंच, सूत कोणत्या काउंटचे, वजन किती, कमीत कमी किती नग देणार, हे लिहावे. धुतल्यावर कापड आटत असेल तर तेही लिहावे. मालातला ऐब झाकून विकणे आपल्याकडे काय समजले जाते हे वाचकांना ठाऊक आहे, आणि फोटोत झाकलेला ऐब पार्सल उघडताच दिसतो. मग माल परत येतो आणि दोन्हीकडचे भाडे आपल्याच बोडक्यावर बसते.

व्हॉट्सअप बिझनेस हे लहान व्यापाऱ्यांसाठीचे वेगळे अ‍ॅप २०१८ मध्ये आले. घरच्या व्हॉट्सअपवरच धंदा चालवणाऱ्यांना त्याचे महत्त्व पटत नाही. त्यात मालाची यादी फोटो-भावासह लावता येते. दुकान बंद असताना आपोआप उत्तर जाते, जसे "आज जुमा, उद्या सकाळी दहाला उत्तर देऊ." प्रत्येक गिऱ्हाईकाला खूणपट्टीही लावता येते, उदा. नवे गिऱ्हाईक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले. एकाच वेळी अनेक जणांना निरोप पाठवता येतो, परंतु ज्याने आपला नंबर त्याच्या मोबाईलमध्ये साठवला आहे त्यालाच तो पोहोचतो. म्हणून पहिल्याच संभाषणात "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा" असे सांगावे. अनोळखी लोकांना ग्रुपमध्ये कोंबू नये. त्यांनी तक्रारी केल्या तर नंबरच बंद होतो आणि त्याबरोबर सगळी जुनी बोलणीही अडकतात.

आता वही. माझी वही साधी दोनशे पानी आहे. मुलगा म्हणतो संगणकावर ठेवा. तो ठेवतो, मी कागदावर ठेवतो, दोन्ही चालतात. मात्र वही एकच असावी आणि दुकानात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने तीत लिहावे. तारीख, नाव, गाव, नंबर, आमचे नाव कोठून कळले, कोणता माल, किती, कोठे पोहोचवायचा, केव्हा हवा, कोणता भाव सांगितला, पुढचा फोन कोणत्या तारखेला आणि शेवटी काय झाले, एवढे रकाने पुरतात. भावाचा रकाना मी लाल शाईने भरतो. कारण उघड आहे. एकदा सांगितलेला भाव किती दिवस टिकेल तेही लिहावे. सुताचा दर हलला की आपलाही भाव हलतो, हे समोरच्याला आधीच ठाऊक असले म्हणजे कटकट होत नाही.

चौकशी आली की त्याच दिवशी उत्तर द्यावे, शक्य तर तासाभरात. लोक एकाच वेळी चार-पाच दुकानांना विचारतात. पोर्टलवर पैसे भरून मिळणाऱ्या चौकशा तर एकाच वेळी अनेक विक्रेत्यांना दिल्या जातात. तेथे उशिरा पोहोचणे म्हणजे न पोहोचणेच. पुष्कळ जण फक्त "रेट?" एवढेच लिहितात. त्यांना नुसता आकडा देऊन मोकळे होऊ नये. "किती नग आणि कोणत्या गावी?" असे उलट विचारावे. खरा गिऱ्हाईक लगेच सांगतो. नुसती चाचपणी करणारा तेथेच थांबतो, आणि त्याच्यासाठी आपला वेळही जात नाही. या एका प्रश्नाने माझी निम्मी धावपळ वाचली.

नमुने फुकट वाटण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. दलालाच्या काळात ती ठीक होती, कारण दलाल माणूस पारखून आणायचा. आता नमुन्याचे आणि कुरिअरचे पैसे घ्यावेत व ऑर्डर आली तर ते बिलातून वजा करावेत. नमुना पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक फोन, आठवड्याने दुसरा. त्यानंतर हंगामापर्यंत गप्प बसावे. उधारीचा तकादा आणि गिऱ्हाईकाला करून दिलेली आठवण यांचा सूर वेगळा असतो. आपल्याला तकाद्याचीच सवय, म्हणून हे मुद्दाम लिहिले. "घेणार की नाही?" असे विचारण्याऐवजी "नमुन्याचा रंग पसंत पडला काय?" असे विचारले की माणूस बोलू लागतो.

"कोठून कळले" हा रकाना लोक रिकामा सोडतात. खरा हिशेब तर तेथेच आहे. समजा, एखाद्या पोर्टलला आपण वर्षाचे २४,००० रुपये भरले. तेथून ६० चौकशा आल्या आणि ६ ऑर्डरी झाल्या. म्हणजे एका ऑर्डरीमागे ४,००० रुपये खर्च. ऑर्डरीवर ३,००० सुटत असतील तर आपण पोर्टलसाठीच राबतो आहोत. पण त्या सहांपैकी दोघे जण वर्षातून चार वेळा माल उचलू लागले, तर हाच खर्च स्वस्त ठरतो. म्हणून पहिल्या ऑर्डरीवर निकाल देऊ नये, वर्षभराची पाने पाहावीत. ज्याने हा रकाना भरला नाही, त्याला पैसे कोठे घालावे आणि कोठून काढावे हे कधीच कळणार नाही. पोर्टलचा प्रतिनिधी दुसऱ्या वर्षाचे पैसे मागायला येतो तेव्हा तर ही वही समोर ठेवावीच.

फसवणूक करणारेही याच वाटेने येतात. मोठी ऑर्डर, भावाची घासाघीस नाही, आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असे कोणी म्हणाले की सावध व्हावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे आल्याचा फोटो पाहून माल सोडू नये, बँकेच्या खात्यात जमा दिसले पाहिजे. नव्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक मागून घ्यावा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द झाला, हे कोणालाही फुकट पाहता येते. दोन मिनिटांचे काम आहे. पहिल्या व्यवहारात उधारी नको, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

मोठ्या ऑनलाईन बाजारांतून किरकोळ विक्री करू पाहणाऱ्यांना पूर्वी जीएसटी नोंदणीचा अडसर होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ज्यांची उलाढाल मर्यादेच्या आत आहे, म्हणजे मालासाठी आपल्या राज्यात ४० लाख, त्यांना नोंदणीशिवायही अशा बाजारांतून राज्याच्या आत माल विकता येतो. पॅनच्या आधारे जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. राज्याबाहेर विकायचे असेल तर कर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे.

कारागीर बंधूंचे गणित आम्हा व्यापाऱ्यांहून वेगळे आहे. मिरजेचा सतार बनवणारा घ्या. त्याला रोज पन्नास चौकशा नकोच आहेत. वर्षात मोजकी वाद्ये बनतात, आणि गिऱ्हाईक परदेशातलाही असू शकतो. त्याने चौकशीच्या उत्तरातच सांगावे की काम किती महिने चालेल, आगाऊ रक्कम किती आणि मधल्या काळात फोटो केव्हा पाठवणार. भोपळा, लाकूड, जवारी यांचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ हीच त्याची जाहिरात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ती खूण आपल्या मालावर लावायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, नुसते त्या गावात राहून भागत नाही. ज्यांची नोंद झाली आहे त्यांनी ती आपल्या इंटरनेटवरील नोंदीत ठळक लिहावी. कारागिराच्या वहीत आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे हातात आधीच किती काम आहे याचा. नाहीतर एक महिन्याचा वायदा करून बसतो आणि तीन महिन्यांनीही माल निघत नाही.

वही तीन-चार महिने भरली की तिची जुनी पाने कामाला येतात. रमजानच्या दोन महिने आधी मी मागील वर्षाची पाने काढतो आणि "पुढे पाहू" असा शेरा असलेल्या गिऱ्हाईकांना एक एक करून निरोप पाठवतो. सर्वांना एकच मजकूर नाही, तर ज्याने जे विचारले होते तेच. "गेल्या वर्षी आपण निळ्या चौकड्याची लुंगी विचारली होती, या वेळी तो रंग तयार आहे." नागपूरच्या त्या व्यापाऱ्याचा नंबर भाच्याच्या जुन्या मोबाईलमध्ये होता, तो मोबाईल पुढे विकला गेला.