एका ठोक्याने किती पाने हलतात?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर मानाच्या सासनकाठ्या निघतात. पुढची काठी थबकली की मागच्याही थबकतात. संगणकावर पाश्चात्त्य स्वरलेखन करताना असेच काहीसे घडते.

समजा, यात्रेतील ढोल, हलगी व सनई यांचे वादन आपण त्यात मांडले. हलगीचे चार जलद ठोके वाढवले, की ती मात्रा रुंदावते. एकाच वेळी वाजणारी चिन्हे एकाखाली एक यायला हवीत, म्हणून ढोल-सनईलाही पांगावे लागते. ओळीतला शेवटचा खंड खालच्या ओळीत जातो, तिचा शेवटचा त्याखालच्या! लेखन मोठे असेल तर संगणक रेंगाळू लागतो.

लगेच नवा संगणक मागू नका. लंबकाच्या प्रयोगात आपण दोरी आणि गोळा एकदम बदलतो का? 10, 20 व 40 पानांच्या प्रती करा, पहिल्या पानावर एकच ठोका वाढवा आणि वेळ मोजा. तो 1, 2, 4 सेकंद असा वाढला, तर बहुधा सारी पाने नव्याने मांडली जात आहेत. 1, 4, 16 असा वाढला, तर प्रत्येक चिन्ह इतर प्रत्येकाशी ताडले जात असावे. वाढलाच नाही, तर दोष लांबीत नाही. ध्वनी बंद करून पाहा, मग एकेक वाद्य काढून.

आता तोच ठोका शेवटच्या पानावर वाढवा. काम चटकन झाले, तर मांडणी बदलापासून पुढेच होते. 2018 सालच्या म्यूझस्कोर 3 मध्ये अशी सोय आली. तेवढाच वेळ लागला, तर आज्ञावली दरवेळी पहिल्या पानापासून निघते. अशा वेळी लेखनाचे तुकडे वेगळे ठेवून शेवटी जोडावेत.