न बोलतां ओळख



लघुपटाच्या आरंभीं पात्राची ओळख प्रेक्षकांस कशी करून द्यावी, हा या पाठाचा विषय आहे. वेळ थोडा असल्यामुळें "मी मोठी मानी आहें" असें पात्राच्या तोंडून वदवून मोकळें होण्याचा मोह नवशिक्या लेखकास होतो. परंतु सांगितलेला गुण ऐकला जातो. आचरणांत दिसलेला गुण मनास पटतो.

१८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' नाटक केलें. त्यांच्या नाटकांत सूत्रधार पद्यें गाऊन कथा सांगे. पुढें १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. तेथें गाणारा सूत्रधार नव्हता. अक्षरांच्या पाट्या होत्या. तरी आरंभींच राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवितांना दिसतो आणि राणी जवळ असते. हेंच सुख पुढें हरपणार, म्हणून तें आधीं डोळ्यांनीं पाहणें अवश्य होतें.

आतां आपल्याकडील प्रसंग कल्पूं. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटून सांगलीस येते. २०१९ च्या ऑगस्टांत तिच्या महापुरानें सांगलींतील कित्येक घरें पाण्याखालीं गेलीं. समजा, त्या वेळच्या छावणींतील एका आजीबाईंवर लघुपट करावयाचा आहे. आरंभींच त्यांना रडतांना दाखविलें, तर प्रेक्षकांस दया येईल. पण आजी कोण, हें कळणार नाहीं.

त्याऐवजीं असें पाहा. जेवणाच्या रांगेंत आजींची पाळी येते. त्या आधीं पदर सारखा करतात, मग ताट पुढें करतात. जेवण होतांच, कोणी नको म्हणत असतांही, आपलें ताट आपण धुतात. परत जातांना कमरेची किल्ली चांचपून पाहतात. घर पाण्यांत आहे. किल्ली मात्र जागेवर आहे. एक शब्दही न बोलतां मान आणि आशा दोन्ही दिसलीं. शेवटीं पूर ओसरल्यावर आजी दाराशीं येतात, आणि दारच वाहून गेलेलें असतें. हातांतील किल्ली पाहून प्रेक्षकांस आरंभ आठवेल.

अशा खुणा घरांत बसून सुचत नाहींत. या सुटींत सातारा किंवा सांगली येथील एस. टी. स्थानकावर, वडील माणसांसह, अर्धा तास स्वस्थ बसा. एका अनोळखी मनुष्याची एकच लहानशी कृति टिपून ठेवा. त्याच्याविषयीं मत मात्र लिहूं नका. तें वाचणाऱ्यास आपोआप सुचलें, म्हणजे पाठ साधला.