डेटाबेसची सुटी फाइल अपुरी का पडते?

संगणकावरील अभिलेखांची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, आज अनेक कार्यालयांत नियमाने घेतली जाते. तथापि, प्रत घेणे आणि त्या प्रतीतून अभिलेख परत मिळवणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर बहुधा संकटाच्या दिवशीच ध्यानी येते.

‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या प्रणालीचे उदाहरण घेऊ. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून ती विकसित झाली. तिच्या एकाच सर्व्हरवर अनेक डेटाबेस ठेवता येतात आणि सामान्यतः प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्यामुळे एखादा डेटाबेस बिघडल्यास तेवढाच फोल्डर बॅकअपमधून आणून जागी ठेवावा, असे सहज वाटते. मात्र हा उपाय फसतो.

याचे कारण सातबाराच्या दाखल्याने स्पष्ट होईल. उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार मंजूर झाला की नामंजूर, हे फेरफार नोंदवहीत पाहावे लागते. तद्वतच डेटाबेसमधील प्रत्येक नोंदीवर ती लिहिणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक असतो. तो व्यवहार पूर्ण झाला की रद्द, हे ‘पीजी_एक्सॅक्ट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिलेले असते. ही नोंदवही सर्व डेटाबेसना सामाईक असते. सुटा फोल्डर आणला, म्हणजे उतारा आला, पण नोंदवही मागेच राहिली. दुसऱ्या सर्व्हरवर तोच क्रमांक भलत्याच व्यवहाराचा असतो. परिणामी, पक्की नोंद अदृश्य होऊ शकते आणि रद्द झालेली नोंद खरी म्हणून पुढे येऊ शकते. जुनी नोंदवहीही सोबत आणून बसवली, तर इतर डेटाबेसच्या नोंदींचा मेळ बिघडतो.

यास्तव पुढील दक्षता आवश्यक आहे :

१. फाइलींची साधी प्रत सर्व्हर पूर्ण बंद करूनच घ्यावी. ती संपूर्ण घ्यावी आणि संपूर्णच परत बसवावी.

२. एकेक डेटाबेस स्वतंत्रपणे परत हवा असेल, तर ‘पीजी_डम्प’ या साधनाने त्याची वेगळी प्रत नियमित काढावी.

३. केवळ फाइलींचीच प्रत हाती असेल, तर ती दुसऱ्या संगणकावर त्याच मुख्य आवृत्तीच्या प्रणालीत संपूर्ण बसवून सर्व्हर सुरू करावा. त्यातून हवा तो डेटाबेस ‘पीजी_डम्प’ने काढून घ्यावा.

४. प्रत परत बसवण्याची तालीम ठरावीक काळाने करावी.

परत बसवून पाहिलेली प्रतच विश्वासार्ह मानावी. कारण त्या नोंदींवर कोणाचा वारसाहक्क, कोणाचे निवृत्तिवेतन अवलंबून असते.