आजोबांच्या टाचेतले अलंकार

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये सांगतात, ‘सारखा’ दिसलं की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा. तरी सराव परीक्षेत माझे गुण गेले. हा नियम चुकीचा आहे का?
– एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी

उत्तर : चुकीचा नाही, अर्धवट आहे. ‘तो भावासारखा दिसतो’ यात ‘सारखा’ आहे, पण अलंकार कुठाय? संस्कृत काव्यशास्त्रातले पंडित ‘गाईसारखा गवा’ हे उदाहरण देत. साम्य खरं, पण ती नुसती माहिती झाली, मनाला चमत्कार काही वाटत नाही.

तेव्हा शब्द हुडकण्याआधी दोन वस्तू हुडक. जिच्याविषयी बोलणं चाललंय ती उपमेय, जिच्याशी तुलना केली ती उपमान. या दोन नावांत पोरं हमखास अडखळतात. ‘मान’ म्हणजे माप, ‘मेय’ म्हणजे मापायची वस्तू, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. मग बघ, कवीने त्या दोघींत अंतर किती ठेवलंय.

माझे आजोबा जन्मभर अनवाणी चालले. त्यांचीच टाच घेऊ. ‘टाच उन्हाळ्यातल्या रानासारखी भेगाळलेली’ ही उपमा. टाच निराळी, रान निराळं, दोघं शेजारी बसलेत. ‘टाच म्हणजे जणू उन्हाळ्यातलं रानच’ म्हटलं की कवीला दोन्ही एकच असावीत असं वाटू लागलंय. ही उत्प्रेक्षा. ‘आजोबांच्या टाचेच्या रानात यंदाही पाऊस पडला नाही’ इथे वाटण्याचा प्रश्नच मिटला, टाच हेच रान. हे रूपक, आणि यात तुझा ‘सारखा’ही नाही, ‘जणू’ही नाही. ‘ही टाच नव्हे, रान आहे’ म्हणून टाचच नाकारली, तर अपन्हुती.

म्हणजे मूळ तुलना एकच, वेश चार. १६व्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी उपमेला नटीच म्हटलंय, नाना भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचणारी. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे ४ : उपमा, रूपक, दीपक, यमक. याच दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ते शंभरावर गेले. तुझ्या वाट्याला मोजकेच आलेत, नशीब समज.

राहिलं रसग्रहण. तिथे अलंकाराचं नाव लिहून पोरं पेन खाली ठेवतात. खरं लिहायचं ते पुढेच : हेच उपमान का? ‘फुटक्या मडक्यासारखी टाच’ म्हटलं असतं तरी उपमाच झाली असती. पण मडकं एकदा तडकलं की तडकलं. रान पहिल्या पावसात मिटतं. आजोबांच्या भेगाही आषाढात, भातलावणीच्या चिखलात उभं राहून मऊ पडायच्या.